अबोलीचा ताव

आमच्या गाळ्यात भट्टीच्या डोक्यावर कधीच दिवा नव्हता. वसईजवळ सातिवलीच्या कारखान्यांच्या रांगेतल्या बाकीच्या गाळ्यांत भरदुपारी ट्यूबलाइटी जळत असायच्या आणि आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा लावून मुद्दाम काळोख केलेला. नवा माणूस आत आला की आधी कशाला तरी ठेचकाळायचा आणि मग विचारायचा, "लाइट गेली काय हो?" बाबा म्हणायचे, "लाइट आहे. ताव बघायला उजेड नको." एवढंच. समजावून सांगत बसायची त्यांना सवय नव्हती.

आमचं काम ब्रेझिंगचं, म्हणजे पितळेनं सांधायचं. धातूचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, फटीला टाकणखार लावायचा, भट्टीत तापवायचे आणि पितळेची कांडी टेकवायची. ताव, म्हणजे धातूला चढलेली उष्णता, बरोबर असला तर पितळ पातळ होऊन फटीत आपसूक ओढलं जातं. कमी असला तर गोळी होऊन वरच बसतं. आणि जास्त झाला तर पितळेतलं जस्त जळतं, पांढरा धूर होऊन उडून जातं, मागे उरतो तो नुसता दिसायला सांधा. सगळा खेळ त्या तावाचा, आणि ताव मोजायचं आमच्याकडचं यंत्र म्हणजे बाबांचे डोळे.

बाबा मूळचे वाडीतले. नंदाखालला आजोबांची केळीची, नारळाची आणि फुलांची वाडी होती, ती अजून काका करतात. बाबांचं लहानपण फुलं खुडण्यात गेलं. त्यामुळे तावाची नावं त्यांनी पुस्तकातून घेतली नाहीत, वाडीतूनच आणली. लोखंड काळपट लाल दिसायला लागलं की 'करवंद'. मग 'जास्वंद'. मग 'अबोली'. अबोलीच्या पुढे 'सोनचाफा' आणि त्याच्याही पुढे 'मोगरा'. तिथवर पोचलात तर जॉब, म्हणजे सांधायला घेतलेली वस्तू, भंगारात टाका आणि घरी जा. "अबोलीवर पितळ पळतं" हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. शेजारचे कारागीर हसायचे. भट्टी आहे की फुलवाल्याची टोपली, म्हणायचे. पण त्यांचे जॉब परत यायचे आणि आमचे यायचे नाहीत, म्हणून फार मोठ्याने हसायचे नाहीत.

बाबांचं दुसरं वाक्य होतं, "आमचा सांधा सुटत नाही." ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिऱ्हाइकाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की अर्नाळ्याचे कोळी इंजिनाचे पाइप घेऊन आमच्याकडे यायचे. त्यातला एक तांडेल, होडीचा म्होरक्या, बाबांच्याच वयाचा. तो दरवर्षी स्वतः यायचा, इंजिनाला थंड पाणी पुरवणारा तांब्याचा पाइप जुन्या जाळ्यात गुंडाळून आणायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि काम होईपर्यंत हलायचा नाही. सांधा तपासून मात्र कधी घ्यायचा नाही. बाबांनी दिला की काखेत मारला आणि निघाला.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गाळ्यातच आले. आई म्हणाली, "एवढी शिकली नि तोंडाला काजळीच फासून घेतली." मला त्याचं काही वाटलं नाही. मला भट्टीसमोर उभं राहायला आवडायचं. बाबांच्या डाव्या हाताला मी उभी राहायची, दोघंही त्या लाल पोकळीत बघत, आणि बरोबर एका क्षणी दोघांच्या तोंडून एकदम निघायचं, "अबोली!" मग कांडी टेकायची. अशी बरीच वर्षं गेली. त्या दिवसांत मी काय खूश असायची, ते मला आत्ता लिहितानाही जाणवतं.

मग आमचे शब्द वेगवेगळे व्हायला लागले. कधीपासून ते नेमकं सांगता येणार नाही, कारण सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचाच फरक पडायचा. मी म्हणायची, "अबोली." बाबा म्हणायचे, "थांब, जास्वंदच आहे अजून." मी थांबायची. पुढेपुढे तो फरक वाढला.

एकदा लोखंडी फ्लँजचा, म्हणजे पाइपाच्या टोकाला बसणाऱ्या चकत्यांचा, घाणा लावला होता. मी म्हटलं, "बाबा, अबोली झाली."

"जास्वंद आहे."

"अहो बाबा, गेली, सोनचाफा होतोय!"

"गप गं. बघ नीट."

मी नीटच बघत होते. डोळ्यांदेखत पांढरा धूर सुटला, पितळ उकळलं, आणि पाच फ्लँज वाया गेले. बाबांनी सांडस आपटली आणि म्हणाले, भट्टी माजलीय. मग दर आठवड्याला भट्टी माजायला लागली. कधी डिझेल भेसळीचं, कधी ब्लोअरचा पट्टा सैल, कधी टाकणखार ओला. गिऱ्हाइकाकडे जायच्या आधीच दहातले दोन-तीन जॉब आम्ही स्वतः बाजूला काढत होतो.

एके दुपारी असाच वाद झाला, आणि तो संपल्यावर बाबांनी माझ्यासमोर चहाचा ग्लास ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाय, तुझ्या डोळ्यात रंग नाही. काहींच्या नसतो. त्यात तुझा काय दोष?"

ओरडले असते तर मी भांडले असते. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, आमच्या रांगेत कोणालाही विचारा. पण ते मायेनं बोलले. माझी कीव केली त्यांनी, आणि ती मला खरी वाटली. लहानपणापासून ज्यानं रंगांची नावं शिकवली तोच माणूस सांगतोय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? त्या दिवसापासून मी भट्टीसमोर रंगाचं नाव उच्चारायचं बंद केलं.

आणि मग मी ठरवलं, डोळा नाही ना मला, तर डोळ्याची गरजच लागणार नाही अशी भट्टी बनवीन.

आमची जुनी भट्टी म्हणजे विटांची पेटी, एका बाजूने घट्ट बसवलेला बर्नर. भिंतीवर उंच टाकी, तिच्यातून तेल उतरायचं. आधी रॉकेल, ते मिळेनासं झाल्यावर डिझेल. ब्लोअरची हवा ते तेल फोडून आत फेकायची. जॉब करंगळीएवढा असो की हातभर पाइप असो, ज्वाला तीच, तिथेच, तेवढीच. लहान जॉब जळायचा, मोठा एका टोकाला तापायचा नि दुसऱ्या टोकाला थंड राहायचा. बाबा सांडशीनं जॉब फिरवत बसायचे, तोंड पार आगीजवळ नेऊन. मला वाटलं, दोष इथेच आहे.

मी वहीत आकृत्या काढायला बसले. रोज एक काढायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर काट मारायची. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. पहिली, भट्टीचा तळ वर-खाली झाला पाहिजे, म्हणजे जॉबच्या आकाराप्रमाणे पोकळी लहान-मोठी करता येईल. त्यासाठी भंगारातून मोटारीचा जॅक आणला आणि विटांचा तळ त्याच्यावर बसवला. दुसरी, बर्नरचं तोंड वळलं पाहिजे. अर्धचंद्राची खाच पाडलेल्या पत्र्यावर तो बसवला, म्हणजे ज्वाला थेट जॉबवर न जाता आधी समोरच्या विटेवर आदळेल आणि गरगरत सगळीकडे पसरेल. तिसरी, तेल आणि हवा दोन्ही वेगवेगळी कमी-जास्त झाली पाहिजेत. हवेच्या नळीत एक झडप घातली. तेलाला सुईचा व्हॉल्व्ह लावला, त्याच्या मुठीखाली गोल पत्रा, घड्याळाच्या तबकडीसारखी घरं आखलेला.

पहिल्या दिवशी मी आधी तेल उघडलं. काय सांगू! काळ्या धुराचा असा लोट निघाला की शेजारचा प्लॅस्टिकची झाकणं बनवणारा हातातलं काम टाकून धावत आला आणि त्यानं माझा उद्धार केला. त्याची सगळी पांढरी झाकणं काळवंडली होती. त्यानंतर मी भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: पेटवताना आधी हवा, मग तेल, विझवताना आधी तेल, मग हवा. दोन महिने खटपट करून भट्टी ताळ्यावर आली. आता ती भुरभुरत नव्हती, एका सुरात घुमत होती. बाबा स्टूल घेऊन शेजारी बसले, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आवाज बरा आहे हिचा." मला तेवढं पुरलं. त्या दिवशी घरी जाताना मी वसईच्या बाजारातून पापलेट घेतलं होतं.

राहिली होती ती तबकडीवरची खूण. कुठल्या घरावर व्हॉल्व्ह ठेवला की अबोलीचा ताव येऊन टिकतो, ते एकदा ठरलं की पुढे डोळ्याचं काम नाही. मी आधी तापमान दाखवणारा मीटर आणला होता. पण त्याची दांडी भट्टीच्या विटेचा ताप सांगायची, जॉब कधी तिच्या मागे, कधी पुढे. बाबा म्हणाले, "ठेव ते बाजूला. मी सांगतो तिथे खूण कर."

ती दुपार मी विसरू शकत नाही. मी मुठीवर हात ठेवून उभी, बाबा आत बघतायत. मी एकेक घर व्हॉल्व्ह उघडत होते, प्रत्येक वेळी थांबत होते. करवंद गेलं, जास्वंद आली, गेली. मग आली ती अबोली. मला स्पष्ट दिसली. माझं तोंड उघडलं आणि मी ते मिटलं. बाबा म्हणाले, "वाढव." मी एक घर वाढवलं. "अजून." आता आत सोनचाफा होता आणि सांध्यावरून दोऱ्याइतका पांढरा धूर वर चढत होता. मी म्हटलं, "बाबा, धूर आहे."

"टाकणखाराचा आहे तो. थांब. हां, आली बघ. अबोली."

मी पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि तिथे रेघ मारली.  मला रंग कळत नाही हे माझ्या मनानं इतकं पक्कं धरलं होतं की समोर दिसलेलंसुद्धा मी खोटं मानलं.

नव्या भट्टीत जॉब डोळ्यांदेखत जळायचे थांबले. ज्वाला मऊ झाली होती, ताव जास्त असला तरी सगळीकडे सारखा होता, सांधे वरून कसे पिवळेधमक दिसायचे. बाजूला काढायचा ढीग नाहीसा झाला. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीनं केलीय भट्टी." मी वरवर लाजायची आणि आतून फुगायची. सांध्याच्या आत काय चाललंय हे कोणी कापून बघितलं नाही. मीही नाही. वरून सुरेख दिसणारी वस्तू कापून कोण बघतं?

अशी दोन वर्षं गेली. मग नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तांडेल गाळ्यात आला. त्याची यायची ती वेळच नव्हती. होडी समुद्रात असायला हवी होती. त्यानं जाळ्यात गुंडाळलेला पाइप टेबलावर ठेवला आणि स्टुलावर न बसता उभाच राहिला.

"सुटला, मिस्त्री," तो म्हणाला.

पाइप एकीकडे आणि फ्लँज दुसरीकडे. बंदर दिसेनासं झाल्यावर सांधा सुटला, इंजिनाला पाणी मिळेना, ते तापून बसलं. दीड दिवस होडी वाहत होती. वाफेचा झोत होडीवरच्या त्याच्या जावयाच्या हातावर आला, कोपरापर्यंत सोलून निघाला. मग दुसरी होडी दिसली, तिनं ओढून आणलं. हे सगळं त्यानं आवाज न चढवता सांगितलं. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

"दुसरा पाइप नव्हता होडीत?" बाबांनी विचारलं.

"नव्हता. बाकी सगल्यांच्या सांध्यांना जोडीला दुसरा पाइप ठेवतो मी. तुमचा सांधा म्हनून ठेवला नव्हता."

तो पाइप तिथेच ठेवून निघून गेला. बाबांनी फ्लँज व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि हातोडीनं सांध्याचा उरलेला भाग फोडला. आतलं पितळ घावनासारखं भोकाभोकांचं होतं. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भट्टी तुझी."

माझं डोकंच फिरलं. "आणि खूण? खूण कोणाची? तुम्ही म्हणालात तिथे मारली ना मी?" मी जे जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी ब्लोअर बंद केला, चप्पल घातली आणि चालू लागले. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एका घरात राहून, एका ताटलीतली भाकरी घेऊन. मी एकटी गाळ्यात जायची आणि भट्टी उघडून बसायची. बर्नर सोलला, सुई घासली, जॅक तपासला, झडप काढून पुन्हा बसवली. कुठेच काही नव्हतं. सारखा तो कोपरापर्यंत सोललेला हात डोळ्यांसमोर यायचा, आणि मी तर तो माणूस पाहिलासुद्धा नव्हता.

मग गणपती आले. आमच्या घरी दीड दिवसाचा असतो आणि त्याची फुलं दरवर्षी बाबा काकांच्या वाडीतून स्वतःच्या हातानं खुडून आणतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्या सकाळी ते टोपली घेऊन आले आणि आईसमोर ठेवली. आईनं वरचं केळीचं पान बाजूला केलं आणि म्हणाली, "अहो, लाल जास्वंद सांगितली होती ना? ही केशरी कुठून काढलीत?"

"लालच आहे."

"केशरी आहे हो. वाडीत लाल संपली काय?"

"लाल आहे म्हणतो ना मी!" बाबा ओरडले. पूजेला बसायच्या वेळी ते कधी ओरडत नाहीत. आई हसली आणि म्हणाली, "चांगलं आहे. आता डोळेही म्हातारे झाले." आणि ती आत गेली.

माझ्या हातात निरांजनाचं तबक होतं. ते मी खाली ठेवलं आणि एक फूल उचलून उजेडात धरलं. टोपलीतली फुलं अबोलीच्या रंगाची होती, आणि बाबा त्यांना लाल म्हणत होते. वाडीत जन्मलेला माणूस, हजारो फुलं ज्याच्या हातांतून गेली असा. गाळ्यात गेली काही वर्षं तेच तर चाललं होतं. भट्टीत अबोली फुललेली असायची आणि ते जास्वंद म्हणायचे. म्हणजे माझा डोळा बरा होता. हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले. कारण मग त्या दुपारी मला जे दिसलं होतं ते खरं होतं, आणि तरीही मी ती रेघ मारली होती.

डोळे दाखवायला ते तयारच होईनात. "मला लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, काय वाईट आहे?" शेवटी मी सांगितलं, दाखवणार नसाल तर मी पुन्हा गाळ्यात पाय ठेवणार नाही. मला ओळखून आहेत, त्यामुळे आले. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला, पिवळट-तपकिरी. काचेवर चहा सांडून वाळला तर कसं दिसेल, तसं तुमचे बाबा बघतायत, म्हणाले. दोन्ही डोळे एकदम करत नाहीत. उजवा दिवाळीनंतर केला. पट्टी काढून घरी आले, भिंतीकडे बघत उभे राहिले आणि विचारलं, "हा एवढा पांढरा रंग कधी दिला?" रंग देऊन चार वर्षं झाली होती. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला हसू आलं नाही.

महिनाभर धूर आणि आग वर्ज्य होती. ती मुदत संपली त्या दिवशी ते आधी काकांकडे वाडीत गेले. का ते सांगितलं नाही. तिथून थेट गाळ्यात आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात अबोलीची चार फुलं होती.

"पेटव," म्हणाले.

आधी हवा, मग तेल. मी व्हॉल्व्ह लाल रेघेवर आणून ठेवला आणि लोखंडाचा एक तुकडा आत सरकवला. ताव चढून स्थिर झाला. बाबा जवळ आले. खिशातली फुलं तळहातावर घेतली, एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आत. मग डाव्या हातानं उजवा डोळा झाकला. नुसत्या डाव्यानं, जुन्या डोळ्यानं बघितलं. "अबोली," म्हणाले. मग हात बदलला. डावा झाकला. नव्या डोळ्यानं बघितलं.  पुन्हा हात बदलला, पुन्हा बदलला. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. मी ब्लोअरचा आवाज ऐकत उभी होते.

"सोनचाफा आहे हा," शेवटी ते म्हणाले. "निव्वळ सोनचाफा."

मी तबकडीवरच्या लाल रेघेकडे बघत होते.

"खूण केली त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

"हेच," मी म्हटलं.

 त्यांनी टेबलावरची कानस घेतली आणि तबकडीवरचं नेलपॉलिश खरवडून काढलं. खरवडून झाल्यावर स्टूल उचललं, भट्टीकडे पाठ करून ठेवलं आणि त्यावर बसले. "आता तू लाव," म्हणाले. "मी बघत नाही."

"बाबा, एक डोळा चांगला झालाय तुमचा. बघा की."

"तुला रंग नाही असं मी म्हणालो होतो. लाव तू."

मी व्हॉल्व्ह मागे घेतला, आतला तुकडा बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. करवंद. जास्वंद. मला भीती वाटत होती, पहिल्यांदा स्कूटर चालवताना वाटते तशी. मग ती आली. कितीतरी वर्षांनी मी मोठ्यानं म्हटलं, "अबोली." कांडी टेकवली. पितळ पळालं, फटीभर फिरलं. धुराचा मागमूस नव्हता. जुन्या रेघेच्या दोन घरं अलीकडे मी नवी रेघ मारली. बाबांनी वळून बघितलं नाही. खांदे हलत होते, ते मला मागून दिसत होते.

तो तुकडा थंड झाल्यावर मी करवतीनं मधोमध कापला. आत सलग पिवळं पितळ होतं. बाबांनी तो खिशात टाकला, फुलांच्या जागी.

त्या आठवड्यात आम्ही तांडेलाचे पाइप केले आणि रविवारी अर्नाळ्याला गेलो. तो किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. शेजारी त्याचा जावई, हाताच्या कातड्यावर गुलाबी चकाकी आलेली, बोटं नीट वळत नव्हती. मी त्या हाताकडे बघायचं टाळत होते आणि बघतही होते.

बाबांनी पाइप पुढे केला. "सांधा हिचा आहे," म्हणाले. "मागचा सुटला तो माझा. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता नि मला कळलं नाही. भट्टीचा दोष नव्हता."

तांडेलानं मान हलवली. बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं, मी गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. पण मला ते गिळता येईना. मी म्हटलं, "काका, माझे डोळे चांगले होते. ताव जास्त आहे ते मला दिसलं होतं. धूरही दिसला होता."

जाळं विणायची सुई थांबली. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मंग बोलली का नाय, पोरी?"

 काय सांगणार होते? बापावर विश्वास होता म्हणून? त्याचाही होताच.

"मी बोलू दिलं नाही तिला," बाबा म्हणाले.

 मग तांडेलानं पाइप हातात घेतला. दरवर्षी तो काखेत मारून निघायचा, या वेळी त्यानं सांधा उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून बघितला, अंगठा दाबून बघितला आणि जावयाकडे दिला. जावयानंही बघितला. बाबांनी मान खाली घातली होती.

मी पिशवीतून दुसरा पाइप काढला. आम्ही दोन करून नेले होते. तांडेलानं तोही घेतला आणि दोन्ही होडीत नेऊन ठेवले.